मामा, मंडप आणि इंटरफेस

"जावामध्ये मल्टिपल इनहेरिटन्स का नाही?" आपल्याकडच्या मुलाखतींमध्ये हा प्रश्न किती वेळा विचारला गेला असेल, देव जाणे. आणि त्याचं उत्तरही ठरलेलं. "डायमंड प्रॉब्लेम येतो म्हणून नाही सर, पण आपण इंटरफेस वापरून ते अचीव्ह करू शकतो." विचारणारा मान डोलावतो, उत्तर देणारा सुटतो आणि दोघंही पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

तर मंडळी, आजचा विषय हे उत्तर. माझं स्पष्ट मत आहे की या एका वाक्याने आपल्या पिढीचं बरंच नुकसान केलंय. वाक्य साफ खोटं आहे असं नाही. पण त्यातून डोक्यात काय बसतं बघा. खरी चीज म्हणजे एका क्लासला दोन बाप असणं. ती काही जावाने आपल्याला दिली नाही. म्हणून बिचारे आपण इंटरफेसवर भागवतो. थोडक्यात, दुधाची तहान ताकावर. आणि एकदा ताकाला पातळ दूध समजलं, की त्याचा चहा करायला माणूस मोकळा होतो. आपले बरेचसे प्रोजेक्ट्स हा असलाच चहा पीत असतात. :-)

आधी जरा उजळणी. कॉलेज सुटून बरीच वर्षं झालेल्यांसाठी.

सी++ मध्ये १९८९ साली, २.० या आवृत्तीत, मल्टिपल इनहेरिटन्स आलं. एका क्लासला दोन किंवा जास्त बेस क्लास. आता समजा वर 'क' आहे, त्याच्यापासून 'ख' आणि 'ग' निघाले, आणि त्या दोघांपासून मिळून 'घ' निघाला. चित्र काढलंत तर शंकरपाळी दिसते, तोच हा डायमंड. प्रश्न असा की 'घ'च्या पोटात 'क'चा डेटा एकदा असणार की दोनदा? काही न सांगितलं तर दोनदा. एकदाच हवा असेल तर 'व्हर्च्युअल' इनहेरिटन्स लावायचं. मग पुढचा प्रश्न, त्या एकुलत्या एक 'क'चा कन्स्ट्रक्टर कोण बोलावणार, 'ख' की 'ग'? उत्तर: दोघंही नाही, सगळ्यात खालच्या 'घ'ने बोलवायचा. हे काही पुस्तकी उदाहरण नाही. सी++ च्या स्वतःच्या लायब्ररीत आयस्ट्रीम आणि ओस्ट्रीम हे दोन्ही आयओएस पासून निघतात आणि आयओस्ट्रीम त्या दोघांपासून. शंकरपाळी तिथे आहेच, आणि ती व्हर्च्युअल लावूनच जुळवलेली आहे.

यात नीट पाहिलं तर भांडण नावावरून नाही, सामानावरून आहे. वारसा म्हटला की सामान आलं: फिल्ड्स, त्यांच्या सुरुवातीच्या किमती, कोणी कधी काय बदलायचं. दोन घरांचं सामान एका वन-बीएचकेमध्ये आणलं की जे होतं तेच इथे होतं.

जावा १९९५ मध्ये जाहीर झाली, पहिली जेडीके जानेवारी १९९६ ची. ती करणाऱ्यांनी हे सगळं पाहिलेलं होतं. त्यांनी बाप एकच ठेवला आणि इंटरफेसची कल्पना उचलली ती ऑब्जेक्टिव्ह-सी मधल्या 'प्रोटोकॉल'वरून. म्हणजे इंटरफेस हे काही कापून छोटं केलेलं मल्टिपल इनहेरिटन्स नव्हे. ती मुळातच वेगळ्या गावाहून आलेली गोष्ट आहे.

मग ती आहे काय? त्यासाठी जरा लग्नाला जाऊ या.

आपल्याकडच्या लग्नात मुहूर्त जवळ आला की गुरुजी माइकवरून ओरडतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" आता हे मामा कोण? ते बँकेत असतील, त्यांची सांगलीला द्राक्षबाग असेल, ते कोणाचे तरी जावई असतील, सोसायटीचे सेक्रेटरी असतील. गुरुजींना यातल्या कशाशीही कर्तव्य नाही. त्यांना हवंय इतकंच, की 'मामा' म्हणून हाक मारली की एका माणसाने पुढे यावं आणि मुलीला बोहल्यापाशी आणावं. मामांचं विमान चुकलं तर मामेभाऊ उभा राहतो. विधी अडत नाही. गुरुजींच्या पोथीत एक ओळही बदलावी लागत नाही.

हा इंटरफेस. आणि यातली महत्त्वाची गोष्ट अशी की 'मामा' ही गरज गुरुजींची आहे. तो मामांच्या स्वभावाचा गुण नाही. तेच गृहस्थ सोमवारी बँकेत जातात तेव्हा तिथलं गिऱ्हाईक त्यांना वेगळ्या नावाने ओळखतं, आणि सासुरवाडीला गेले की आणखी वेगळ्या. माणूस एकच. त्याच्याकडे काम घेऊन येणारे चार, म्हणून त्याला चार नावं.

मला जे सांगायचंय ते एवढंच. एखाद्या क्लासच्या 'इम्प्लिमेंट्स' शब्दापुढे जी नावं असतात ती त्या क्लासच्या गुणांची यादी नसते. त्याच्या दारात कोण कोण येणार आहे, त्यांची ती यादी असते. इंटरफेस राबवतो एक जण, पण तो असतो बोलावणाऱ्याचा. एका क्लासने अनेक इंटरफेस घ्यायचे ते याचसाठी, की त्याला बोलावणारे अनेक आहेत आणि प्रत्येकाची गरज वेगळी आहे. बाप वाढवणं हा हेतूच नाही.

हे समजलं नाही की काय होतं, त्याचं एक उदाहरण घेऊ. नेहमीचंच.

समजा तुमची एक ऑनलाइन दुकानाची साइट आहे. पैसे भरायचे मार्ग तीन: कार्ड, यूपीआय आणि कॅश ऑन डिलिव्हरी. डिझाइनच्या मीटिंगमध्ये कोणीतरी फळ्यावर एक भलाथोरला 'पेमेंट' इंटरफेस काढतो. त्यात पैसे घे, पैसे परत कर, हप्ते पाड, कार्ड जपून ठेव अशा सगळ्या मेथड्स. तिन्ही क्लास हा एकच इंटरफेस राबवणार. फळ्यावर फार छान दिसतं.

कार्डवाल्याला काही अडचण नाही. पण कॅश ऑन डिलिव्हरीवाला काय करणार? दारात रोख घेतलेले पैसे तो कोणत्या खात्यात परत करणार? हप्ते कसे पाडणार? पण कंपायलर तर मागे लागलाय की चारही मेथड्स लिही. मग ज्याच्याकडे हे काम आलंय तो पोरगा दोनपैकी एक करतो. सज्जन असेल तर 'अनसपोर्टेड ऑपरेशन' नावाचं एक्सेप्शन फेकतो. घाईत असेल तर रिकामी मेथड लिहितो आणि 'ट्रू' परत करतो.

दुसरा प्रकार जास्त भयंकर. रिफंडच्या स्क्रीनने विचारलं, झाले का पैसे परत? क्लास म्हणाला, झाले. गिऱ्हाइकाला मेसेज गेला, "आपला परतावा यशस्वी झाला आहे." लॉगमध्ये एकही लाल ओळ नाही. आणि कुठेतरी एक बाई रोज खातं उघडून बघतायत की बाराशे रुपये आले का. ते येणार नाहीत, कारण ते कोणी पाठवलेच नाहीत. पुढे सपोर्टच्या माणसावर आवाज चढतो, त्या पोराची झोप जाते, पण मूळ गडबड त्या फळ्यावर झालेली असते. न पाळता येणारं वचन एका क्लासला जबरदस्तीने द्यायला लावलं होतं.

आता हेच उलट्या बाजूने करा. क्लासकडे न बघता बोलावणाऱ्यांकडे बघा. चेकआउटच्या स्क्रीनला फक्त पैसे घेणारा हवाय. रिफंडच्या स्क्रीनला परतावा देणारा हवाय. हप्त्यांच्या स्क्रीनला हप्ते पाडणारा. म्हणजे गिऱ्हाइकं तीन, तर इंटरफेस तीन. कार्डचा क्लास तिन्ही घेईल. यूपीआयचा पहिले दोन घेईल. कॅश ऑन डिलिव्हरीचा फक्त एक. त्यात कमीपणा काही नाही.

आता रिफंडच्या कोडला कोणी कॅश ऑन डिलिव्हरीचा ऑब्जेक्ट द्यायला गेला तर कंपायलर तिथल्या तिथे हात धरतो. दुपारी चार वाजता, तुमच्याच मशिनवर. अर्थात ऑर्डर डेटाबेसमधून आली की "हा परतावा देणारा आहे का?" हे कुठेतरी एकदा विचारावं लागतंच, त्यातून सुटका नाही. पण ते एका जागी विचारावं लागतं, आणि उत्तर 'नाही' आलं की "बँक खात्याचा तपशील द्या" असा वेगळा रस्ता मुद्दाम दाखवता येतो. 'नाही' हे उत्तर उघड झालं, हाच फायदा.

याला रॉबर्ट मार्टिन यांनी १९९० च्या दशकात 'इंटरफेस सेग्रिगेशन' असं भारदस्त नाव दिलं. झेरॉक्ससाठी प्रिंटरच्या सॉफ्टवेअरवर सल्लागार म्हणून काम करताना त्यांना हे सुचलं असं सांगतात. तिथे 'जॉब' नावाचा एक लठ्ठ क्लास होता. छापणाऱ्या भागालाही तोच लागे आणि स्टेपल मारणाऱ्या भागालाही तोच. म्हणून एकासाठी केलेला बदल दुसऱ्याच्या गळ्यात पडे. उपाय तोच: क्लास राहू दे एक, पण प्रत्येक बोलावणाऱ्याला त्याच्यापुरती खिडकी द्या.

बरं, हे फक्त नवशिक्यांच्या प्रोजेक्टमध्ये होतं असं समजू नका. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत दोन्ही प्रकारचे नमुने शेजारी शेजारी बसलेत.

चांगला नमुना आधी. अ‍ॅरेलिस्टची व्याख्या उघडून बघा. तो लिस्ट, रँडमअ‍ॅक्सेस, क्लोनेबल आणि सीरियलायझेबल असे चार इंटरफेस घेतो. यातला रँडमअ‍ॅक्सेस मजेशीर आहे. त्यात एकही मेथड नाही! २००२ च्या १.४ आवृत्तीत तो आला. मग त्याचा उपयोग काय? तर लायब्ररीतला बायनरी सर्च हा त्याचा एक गिऱ्हाईक. तो विचारतो, बाबा रे, तुझ्या कोणत्याही घरात मला थेट उडी मारता येईल का? हो म्हटलं तर इंडेक्सने शोधतो. नाही म्हटलं आणि यादी ५००० किंवा त्याहून मोठी असली, तर इटरेटरने चालत जातो. लिंक्डलिस्टने हा शिक्का मारून घेतलेला नाही, कारण तिथे दर उडीला सुरुवातीपासून नाही तर शेवटापासून चालत यावं लागतं. रिकामा इंटरफेस, पण त्याच्यामागे प्रश्न विचारणारा ठोस कोणीतरी आहे. म्हणून तो टिकला.

आता वाईट नमुना, त्याच ओळीतला: क्लोनेबल. नाव वाचून वाटतं की यात 'क्लोन' नावाची मेथड असेल. नाही. ती आहे ऑब्जेक्ट या सर्वांच्या मूळपुरुषात, आणि तीही प्रोटेक्टेड. म्हणजे तुमच्या हातात क्लोनेबल असलेली वस्तू असली तरी त्या नावाच्या भरवशावर तुम्ही तिची प्रत काढू शकत नाही. बोलावणाऱ्याला काही मिळतच नाही. जोशुआ ब्लॉक यांनी 'इफेक्टिव्ह जावा'मध्ये या इंटरफेसची चांगलीच हजेरी घेतली आहे, ती रास्त आहे.

आणि 'अनसपोर्टेड ऑपरेशन'वाला पोरगा आठवतोय ना? अ‍ॅरेजच्या अ‍ॅजलिस्टने दिलेल्या यादीत एक वस्तू 'अ‍ॅड' करून बघा. तेच एक्सेप्शन. कारण लिस्ट हा इंटरफेस वाचणारा आणि बदलणारा अशा दोन गिऱ्हाइकांसाठी एकत्र बांधला गेला, आणि ज्याला फक्त वाचू द्यायचंय त्यालाही 'अ‍ॅड'चं वचन देणं भाग पडलं. त्याचं कारणही लायब्ररीवाल्यांनी सांगितलंय: सगळे प्रकार वेगळे केले असते तर इंटरफेसांची संख्या हाताबाहेर गेली असती. त्यांचा हिशेब मला समजतो. पण त्याची किंमत आपण कोडमध्ये अजून मोजतोय, हेही खरं.

आता एक आक्षेप येणार, आणि तो यायलाच हवा. दोन इंटरफेसमध्ये एकाच नावाची मेथड असली तर? तिथेही शंकरपाळी नाही का?

नाव आणि अर्थ दोन्ही एक असेल तर काही प्रश्न नाही, एकाच मेथडने दोन्ही वचनं पाळली जातात. परतीचे प्रकार जुळत नसतील तर कंपायलर सरळ नकार देतो. याचं ताजं उदाहरण बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ ने लिस्ट आणि डेक या दोन्ही इंटरफेसमध्ये 'रिव्हर्स्ड' ही मेथड घातली. एक परत देते लिस्ट, दुसरी डेक. लिंक्डलिस्ट हे दोन्ही राबवते. मग तिथे त्यांनी स्वतंत्र 'रिव्हर्स्ड' लिहून लिंक्डलिस्टच परत दिली, म्हणजे दोघंही खूश. पण तुमच्या कंपनीत कोणी हौसेने लिस्ट आणि डेक दोन्ही राबवणारा क्लास लिहून ठेवला असेल, तर नव्या आवृत्तीवर तो कंपाइल होताना अडकणार. हा त्रास खराच.

पण खरा धोका तिसराच आहे: नाव एक, सही एक, अर्थ मात्र दोन. समजा बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये 'खातं' नावाचा क्लास आहे. ग्राहकाचं खातं कायमचं बंद करायला त्यात 'क्लोज' मेथड आहे. पुढे कोणीतरी त्याच क्लासमध्ये डेटाबेसचं कनेक्शन धरून ठेवलं, आणि ते नीट सुटावं म्हणून २०११ च्या जावा ७ मधला ऑटोक्लोजेबल इंटरफेस त्यावर चढवला. त्यात मेथड कोणती? 'क्लोज'! कंपायलर खूश, कारण मेथड आधीच हजर आहे. आता कोणी हे खातं ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये नुसतं शिल्लक बघायला उघडलं, की ब्लॉक संपताना भाषा आपणहून 'क्लोज' बोलावणार. आणि खातं बंद!

सी# मध्ये यावर इलाज आहे. २००२ च्या पहिल्या आवृत्तीपासून तिथे "ही मेथड या इंटरफेसच्या वतीने" असं स्पष्ट लिहून दोन वेगळ्या मेथड्स ठेवता येतात. जावात ही सोय नाही. पण सोय असो वा नसो, दोन 'क्लोज'ची टक्कर झाली तर मी आधी वेगळीच शंका घेईन: या क्लासमध्ये दोन माणसं राहतायत का? खातं वेगळं, कनेक्शन वेगळं. बहुतेक वेळा टक्कर हे दुखणं नसतंच, ते दुखण्याचं लक्षण असतं.

दुसरा आक्षेप असा, की २०१४ च्या जावा ८ पासून इंटरफेसमध्ये डिफॉल्ट मेथड्स आल्या, त्यात तर चक्क कोड लिहिता येतो, मग झालंच की मल्टिपल इनहेरिटन्स! अर्धं बरोबर. वागणूक अनेकांकडून येऊ शकते हे खरं. पण त्या आणल्या का? जुन्या इंटरफेसमध्ये 'स्ट्रीम'सारख्या नव्या मेथड्स घालताना जगभरातले जुने क्लास मोडू नयेत म्हणून. आणि फिल्ड्स अजूनही नाहीत. म्हणजे पाहुणे येतात, पण सामान न घेता. दोन डिफॉल्ट भिडल्या आणि त्यातली एक दुसरीपेक्षा जवळची नसेल, तर निवाडा तुम्हालाच लिहून द्यावा लागतो. माझ्या मते हे योग्यच आहे.

आता उलटी बाजू. हे सगळं वाचून कोणी सोमवारी जाऊन प्रत्येक क्लासला पाच इंटरफेस चिकटवणार असेल, तर कृपया थांबा. आपल्याकडे तो रोगही आहे. 'कस्टमरसर्व्हिस' नावाचा इंटरफेस, त्याला राबवणारा एकुलता एक 'कस्टमरसर्व्हिसइम्पल', दोघांत त्याच अठरा मेथड्स. का? तर "बेस्ट प्रॅक्टिस आहे." हा इंटरफेस क्लासवरून छापून काढलेला आहे, बोलावणाऱ्याने मागितलेला नाही. एका मेथडची सही बदलायची तर दोन फायली उघडा, एवढीच त्याची कमाई.

इथे गो भाषेकडून शिकण्यासारखं आहे. २००९ मध्ये जाहीर झालेल्या या भाषेत 'इम्प्लिमेंट्स' असा शब्दच नाही. तिथली फाइल रीडर आहे, रायटर आहे, क्लोजर आहे, सीकर आहे, आणि यातलं काहीही तिने जाहीर केलेलं नाही. मेथड्स जुळल्या की नातं जुळलं. त्यामुळे साहजिकच इंटरफेस लिहिला जातो तो वापरणाऱ्याच्या बाजूला, त्याला लागतं तेवढाच. बऱ्याचदा एका मेथडचा. जावात शब्द लिहावा लागतो हे मान्य, पण विचार तोच ठेवायला कोणाची ना आहे?

म्हणून माझी पद्धत साधी आहे. नवा इंटरफेस दिसला की तीन गोष्टी विचारायच्या. याला बोलावणारा कोण, त्या कोडचं नाव सांगता येतं का? त्या बोलावणाऱ्याला यातल्या सगळ्या मेथड्स लागतात का? आणि राबवणारा प्रत्येक क्लास हे वचन पुरतं पाळू शकतो का? पहिल्याचं उत्तर "पुढे कोणीतरी असेल" असं आलं तर तो इंटरफेस आज नको. दुसऱ्याचं 'नाही' आलं तर तो फोडायचा. तिसऱ्याचं 'नाही' आलं तर ती मेथड चुकीच्या क्लासच्या गळ्यात मारलेली आहे, भले कंपायलर गप्प बसो.

आणि मुलाखती घेणाऱ्यांना एक विनंती. तो डायमंड आता विश्रांतीला पाठवा. त्याऐवजी तीन इंटरफेस राबवणारा एक क्लास समोर ठेवा आणि विचारा, "यातला एक काढून टाकला तर कोणाचं काम अडेल?" पाठ केलेलं उत्तर इथे चालत नाही. मुलगा किंवा मुलगी कोडकडे बोलावणाऱ्याच्या जागेवरून बघू शकते की नाही हे पाच मिनिटांत कळतं. नोकरीत रोज लागणार आहे ते हेच.

कंपायलर फक्त एवढंच बघतो की मेथड लिहिली आहे का. ती खरं बोलते का, हे बघायचं काम आपलं. त्या बाराशे रुपयांची वाट बघणाऱ्या बाईंना इंटरफेस म्हणजे काय ते माहीत नाही, माहीत असायची गरजही नाही. त्यांनी फक्त आपल्या वचनावर विश्वास ठेवलाय.

असो. तूर्तास इतकंच. मतभेद असतील तर जरूर कळवा, विशेषतः सी++ वाल्यांनी. :-)